शोकेसमधली झोप

सोमवार, ३ तारीख

आणि वर म्हणे, मी कुठे टिकत नाही! अरे दादा, मी टिकायला आधी ती जागा टिकायला नको का? विटांची भट्टी बंद पडली ती काय मी फुंकर मारून विझवली? हॉटेलवाल्याने भांडी घासायचं यंत्र आणलं, त्यात माझा काय गुन्हा? टायरच्या दुकानातून मात्र मी आपणहून निघालो, हे कबूल. गोदामातूनही. पण सगळ्याचं खापर माझ्याच डोक्यावर कशाला? काल फोनवर हे सगळं बोलायचं होतं, तर हा माणूस दोन वाक्यांत मोकळा. "पैसे नको पाठवूस. एकच पत्ता पाठव, पुढच्या महिन्यातही तोच राहील असा." आणि फोन दिला वहिनीकडे. मागून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. पोती उचलून उचलून पाठीचा पार भुगा झालाय, पण बोलण्याला धार तीच.

घर सोडताना वहिनीने ही वही दिली होती. म्हणाली, "भावजी, दादाशी भांडायचं असेल तर यात भांडा. घरी आलात की भांडण नको, जेवायला बसू." सहावीत शाळा सोडलेल्या माणसाला वही म्हणजे बोकडाला आरसा. पण आता सवय झाली. अर्धी वही दादावरच गेली आहे.

पत्ता पाठवणार होतो रे. खरंच. या गादीच्या कारखान्यात मला बरं वाटतं. कारखाना म्हणजे काय, पुढे रस्त्याला काचेच्या शोकेसचं दुकान, मागे पत्र्याचं छप्पर. एका टोकाला कापूस पिंजायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला शिवणाऱ्या बायका. मी कापसाच्या गासड्या उचलतो, खोळी भरतो. नाकात कायम कापूस.

शिवणकामावर मावशीचं राज्य. रोज सकाळी ती पत्र्याच्या डब्यातून प्रत्येकीला दाभण मोजून देते आणि संध्याकाळी मोजून परत घेते. वीतभर लांब सुई ती, गादीत राहिली तर माणसाच्या फासळीत घुसेल. एक जरी दाभण कमी भरला तरी कुणी घरी जायचं नाही, मालकसुद्धा नाही, असा नियम आहे. तिच्या उभ्या आयुष्यात एकही हरवलेला नाही म्हणे.

पण पत्ता पाठवू कसा? मोठ्या रस्त्यावर फोमच्या गाद्यांचं चकचकीत दुकान उघडल्यापासून गावभर एकच कुजबुज: आम्ही जुन्या गाद्या उसवून तोच मळका कापूस नव्या खोळीत भरतो. कोणी उठवली देव जाणे. गिऱ्हाईक येतं, गादी दाबतं, हात हुंगून बघतं आणि "नंतर येतो" म्हणून जातं. ते नंतर काही येत नाही.

गुरुवार, ६ तारीख

मालकांनी प्रसिद्धी करणारा माणूस बोलावला. पिवळा कोट, पायात टोकदार बूट, आणि आवाज असा की पिंजायचं यंत्र लाजेल. आल्या आल्या बायकांनी नाव ठेवलं, भोंगा.

भोंगा म्हणाला, "लोकांना थांबवायचं. थांबले की बघतात, बघितलं की बोलतात, बोलले की घेतात. दुसऱ्या मजल्यावरून माणूस गादीवर टाकू."

मावशी दातांत दोरा धरून होती, तशीच म्हणाली, "कल्पना तुमची, पहिला मान तुमचा."

शेवटी ठरलं असं: सोमवार ते शनिवार शोकेसमध्ये आमच्याच गादीवर माणूस झोपणार. दिवसाढवळ्या, भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर. शोधत शोधत भोंग्याचं बोट माझ्यावर थांबलं. सगळं छप्पर हसलं. मला इथे भिंगरी म्हणतात. जेवताना मी उभा असतो, चहा पिताना चालतो. भोंगा म्हणाला, "म्हणूनच हा! ज्याला बसवत नाही तो झोपला, तर गादीत काहीतरी आहे असं लोक म्हणतील."

"लोक तेच म्हणतायत," मावशी म्हणाली. "गादीत काहीतरी आहे. वर कोण झोपलंय ते दाखवून काय उपयोग? आत काय आहे ते दाखवा."

मालकांना ते पटलं. पण भोंग्याने मान हलवली. गंमत म्हणजे या वेळी हळू बोलला. "मावशी, आपण आपणहून उसवून दाखवली की लोक म्हणणार, दाखवायची वेगळी, विकायची वेगळी. संशय आला की आपण दाखवलेलं कुणाला दिसत नाही. त्यांचं त्यांना दिसलं तरच दिसतं."

मावशीने दोऱ्याला गाठ मारली. भोंग्याने तिला गप्प केलं खरं. पहिल्यांदाच बघितलं मी असं.

सोमवार, १० तारीख

झोप म्हणजे इतकं कष्टाचं काम असेल असं वाटलं नव्हतं.

आकाशी रंगाचा पायजमा सदरा, पांढरी उशी, काचेवर पाटी: "हळू बोला. माणूस झोपला आहे." मी डोळे मिटले आणि नाक खाजायला लागलं. नाक थांबलं तर तळपाय. मग एक माशी. ती माझ्या कपाळावरून भुवईवर, भुवईवरून गालावर, जागा बघायला आलेल्या भाडेकरूसारखी हिंडत होती. बाहेर पोरं काचेवर टकटक करत होती. कुणीतरी म्हणालं, "बाहुला आहे." दुसरा म्हणाला, "बाहुल्याचे पाय एवढे हलतात का?" त्यावर पैज लागली. मी एक डोळा किलकिला केला, तर पैज लावणाऱ्या आजोबांचा डोळा काचेला चिकटून थेट माझ्यासमोर. दोघंही दचकलो.

मधल्या सुट्टीत भोंग्याने झापलं. "झोपतोयस का परेड करतोयस?"

मालक म्हणाले, "जाऊ द्या, शिकेल." झोपायला शिकेल! आईने ऐकलं असतं तर हसून पोट धरलं असतं. तिला मला झोपवता झोपवता पहाट व्हायची म्हणे.

मंगळवार, ११ तारीख

आज गर्दी निम्मी. दुपारी एक माणूस काचेशी तोंड आणून ओरडला, "अरे, कुणाच्या जुन्या गादीचा कापूस आहे तो? खोकला बिकला येत नाही ना?" सगळे हसले. मला झोपलेल्याचं सोंग करायचं होतं, म्हणून उत्तरही देता येईना. झोपलेल्या माणसाचा अपमान करणं फार सोपं.

पूर्वीसारखा असतो तर आज रात्रीच ट्रंक उचलली असती. मनात आलंच. स्टँड जवळ आहे, कुठलीही गाडी चालली असती. पण मग आठवलं, मी इथे आलो तेव्हा अंगात ताप होता. काम मागायला दारात उभा राहिलो आणि तिथेच बसलो. नाव गाव कुणी विचारलं नाही. मावशीने उरलेल्या तुकड्यांची खोळ जोडून माझ्या मापाची गादी शिवली. मी बरा होऊन उठलो तेव्हा म्हणाली, "आता पळालास तरी चालेल, पण गादी ठेवून जा." मी पळालो नाही. गादी सोडवेना, हे खरं कारण. लिहायला लाज वाटते, पण त्या गादीइतकं माझ्या मापाचं मला आजवर काही मिळालं नव्हतं.

मालकही तसेच. पहिल्या महिन्यात माझ्या हातून गासडीला ठिणगी लागता लागता वाचली. दुसरा कुणी असता तर कान धरून बाहेर काढलं असतं. ते म्हणाले, "घाबरलास ना? मग झालं. घाबरलेला माणूस पुन्हा चुकत नाही." त्या दिवसापासून विडी बंद.

गुरुवार, १३ तारीख

झोपलो! सोंग नाही, खरोखर.

सकाळी पाऊण तास अंग आवळून पडलो होतो. मग ऊन काचेतून पोटावर आलं, बाहेरचा आवाज लांब लांब गेला आणि एकदम काही नाहीच. जाग आली ती टाळ्यांनी. काचेबाहेर माणसंच माणसं. मी गाढ झोपेत घोरत होतो, आणि एका बाईने म्हणे आपल्या रडणाऱ्या बाळाला काचेशी आणलं, तर तेही झोपलं. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला. माझं तोंड उघडं, लाळ उशीवर. भोंगा नाचत होता. "लाळ! अरे, लाळ म्हणजे सोनं! लाळेचं सोंग करता येत नाही!"

पण संध्याकाळी मालकांनी सगळ्यांना मागे बोलावलं. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, जातात. आठवड्यात दोनच गाद्या गेल्या. एक त्यांच्या मेव्हण्याने घेतली. ते म्हणाले, "महिनाअखेरीपर्यंत मी ओढीन. त्यापुढचं मला सांगता येत नाही. कुणाला दुसरीकडे काम मिळत असेल तर माझ्यासाठी थांबू नका. राग धरणार नाही." आणि मग, हे सगळं बोलून झाल्यावर, त्यांनी विचारलं, "चहा घेणार ना सगळे?"

मला पहिल्यांदाच असं झालं की कुणी 'जा' म्हणतंय आणि माझे पाय हलत नाहीत.

दादा, तुला मनात म्हटलं, बघ, मी टिकायला तयार आहे, तर आता जागाच पाय काढतेय.

मावशी चहा न घेता भोंग्याशी कोपऱ्यात बोलत होती. तिने विचारलेलं एवढंच ऐकू आलं, "शनिवारी गर्दी सगळ्यात जास्त कधी असते?" बहुतेक घरी लवकर जायचं असेल, गर्दीत तिचे गुडघे दुखतात.

शनिवार, १५ तारीख

आज काय झालं ते नीट क्रमाने लिहितो.

सकाळी शोकेसमध्ये चढायच्या आधी मावशी आली आणि तिथल्या गादीच्या कोपऱ्यात दोन टाके घातले. मला तो कोपरा धड दिसत होता. "तुला काय कळतं?" म्हणाली. खरंय, शिवणातलं मला काय कळतं?

फोटो छापून आल्यामुळे संध्याकाळी रस्ता बंद व्हायची वेळ आली. लोक 'लाळवाला, लाळवाला' म्हणत होते. मी डोळे मिटून पडलेलो. इतक्यात मागचा दरवाजा धाडकन उघडला आणि मावशीचा आवाज, जो आम्हाला छपराच्या त्या टोकाला ऐकू येतो, आज अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला.

"भिंगरी, ऊठ! हलू नकोस, सावकाश ऊठ! एक दाभण कमी भरतोय. सकाळी याच गादीला टाका घातला होता मी!"

मी उठलो कसला, उडालोच. भोंगा धावत आला, दातांतल्या दातांत बोलायला लागला, पण त्याचा आवाज तो, सगळ्यांनी ऐकला. "मावशी, आत्ता? एवढ्या लोकांसमोर? दुकान बंद झाल्यावर बघू की!"

"दुकान बंद झाल्यावर? वर कुणाचं तरी पोर झोपतंय, आणि मी दुकान बंद व्हायची वाट बघू?"

सगळे मालकांकडे बघायला लागले. मालकांचा चेहरा कापसासारखा. त्यांना दिसत होतं ना, की दाभण सापडला तर झालंच. जुना कापूस भरतात आणि वर सुयाही भरतात म्हणतील. त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग एकच शब्द, "उसवा."

मावशीने कात्री चालवली. खोळ फाटली आणि कापूस फुगून वर आला, पातेल्यातून दूध येतं तसा. पांढराशुभ्र. दाभण दिसेना. मग तो उपसायला लागलो आम्ही सगळे. कापूस शोकेसमधून दुकानात, दुकानातून पायरीवर. लोक आपसूक आत आले. ती पैज लावणारे आजोबा खाली वाकले, मूठभर कापूस घेतला, बोटांत चोळला, नाकाला लावला, ओढून बघितला.

"नवा आहे," म्हणाले. "लांब धाग्याचा आहे, बघा."

मागून कोणीतरी टोमणा मारला, "शोकेसमधली असणारच नवी! त्या आतल्या बघा!"

मावशीने कपाळाला हात लावला. "बरी आठवण केलीत हो! सकाळी आतल्यालाही टाके घातलेत मी. कुठल्या बरं? काही आठवत नाही मेलं. तुम्हीच काढा एखादी."

त्या माणसाने ढिगाच्या तळातली ओढून काढली. उसवली. तसाच कापूस. मग एका बाईने बोट दाखवलं ती. तीही तशीच. मालक भिंतीला टेकून उभे. तीन गाद्या मेल्या होत्या त्यांच्या, दाभण मिळेना, आणि नियम म्हणजे नियम, कुणी घरी जायचं नाही. मग आम्ही खाली बसून मूठ मूठ कापूस विंचरायला लागलो. आणि काय सांगू, लोकही बसले! ओळख ना पाळख. बँकेतून आलेले, भाजीच्या पिशव्या घेतलेले, ती बाळवाली बाई. सगळे आमच्या फरशीवर मांडी घालून दाभण शोधतायत, एकमेकांच्या डोक्यावरचा कापूस काढतायत. "सांभाळून हं, टोचेल," असं म्हणत.

मंगळवारी खोकल्याचं ओरडलेला माणूसही होता. माझ्या शेजारीच बसला. कितीतरी वेळ कापूस चिवडून मग हळूच म्हणाला, "एका सुईसाठी रोज असं करता?"

मी म्हटलं, "रोज मोजतो. हरवला आज पहिल्यांदा."

दाभण सापडला नाही. मावशी उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "जा आता सगळे, उद्या बघू." पहिल्यांदाच नियम मोडला. फार खचली असणार बिचारी.

सोमवार, १७ तारीख

दाभण सापडला. कुठे? मावशीच्या अंबाड्यात!

मी पाणी द्यायला गेलो, ती वाकली, आणि केसांत काहीतरी चमकलं. "मावशी, हे काय?" तिने हात लावला, काढला, माझ्याकडे बघितलं. "अगं बाई! इथे होता का?" आणि डब्यात टाकला. खण्ण.

मला इतकं वाईट वाटलं. ज्या बाईच्या हातून आयुष्यात एक दाभण गेला नाही, तिला स्वतःच्या डोक्यातला दाभण आठवू नये. वय झालं. मी कुणाला काही बोललो नाही, आणि बोलणारही नाही. संध्याकाळी तिची पिशवी उचलून घरापर्यंत पोचवली. रस्ताभर ती गालातल्या गालात हसत होती. म्हातारपणी माणूस असं उगीच हसतं.

दुकानाचं विचारू नका. सकाळी शटर वर जायच्या आधी रांग. ज्यांनी परवा कापूस विंचरला ते आपल्या शेजाऱ्यांना घेऊन आलेत, आणि आम्हाला बाजूला सारून स्वतःच सांगतायत, "मी माझ्या हाताने बघितलाय ना आतला माल!" खोकलेवाला दोन गाद्यांची ऑर्डर देऊन गेला आणि जाताना माझा हात हातात घेतला.

भोंगा दुपारी आला. वाटलं, आता मावशीला झापणार. तर त्याने वाकून नमस्कारच केला. "मावशी, माझ्या ऑफिसात या. निम्मी भागीदारी."

"तुझ्या ऑफिसात मोजायला काय आहे? तोंडं?"

भोंगा इतका हसला की पिवळ्या कोटाचं बटण उडालं. तेही मावशीनेच लावून दिलं. वाईट माणूस नाही तो. त्यानेच मला झोपायला शिकवलं म्हणायचं.

शनिवार, २९ तारीख

मालकांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं, कुणी कुठे जायचं नाही. आणखी दोन बायका शिवणावर घेतल्या. त्यांना मावशीने पहिला धडा डबा दाखवून दिला. "एकही हरवायचा नाही," असं म्हणत होती, तेही इतक्या जोरात! मी मान खाली घातली. तिची लाज राखायला नको का?

मग मालक मला म्हणाले, "शोकेसमधली ती पुन्हा भरलेली गादी आहे ना, ती विकवत नाही मला. तू ने." मी म्हटलं, "मला माझी आहे." ते म्हणाले, "मग ज्याला नाही त्याला दे."

मला लगेच दादाची पाठ आठवली.

वहिनीला तो फोटो पाठवला होता. काल फोन केला तेव्हा दादानेच उचलला. "तू झोपलास? दिवसा? एका जागी?" मी म्हटलं, "सहा दिवस." मग तो हसायला लागला. पाठ दुखते म्हणून मधेच थांबायचा, कण्हायचा आणि पुन्हा हसायचा. आमच्या भांडणात इतका वेळ तो आधी कधी बोललेला नाही, आणि यातही बोलला नाहीच म्हणा. पण तो हसत होता तोवर मी फोन ठेवला नाही.

सोमवार, १ तारीख

आज पगार. वहिनीला काय पाठवायचं ते आधी इथे लिहून बघतो, मग मेसेज करीन.

वहिनी, मालाच्या ट्रकने एक गादी येईल. भाडं दिलेलं आहे, ड्रायव्हरने मागितलं तरी देऊ नका. ती दादाच्या पाठीसाठी आहे. तो म्हणेल, नको, विका. ऐकू नका. त्याला सांगा, हिच्यावर मी भर रस्त्यात लाळ गाळली आहे, कुणी विकत घेणार नाही. खोळ मावशीने नवी घातली आहे. आतला कापूस निम्म्या गावाने हाताने विंचरला आहे, इतक्या अनोळखी माणसांचे हात लागलेली गादी तुम्हाला कुठे मिळणार नाही. दाभण आत नाही, तो सापडला. कुठे ते विचारू नका, मी शब्द दिला आहे स्वतःला.

वही संपत आली, दुसरी मी घेईन इथेच. तुमचे उपकार आहेत, भांडायला जागा दिलीत.

दादाला सांगा, पत्ता तोच आहे. पुढच्या महिन्यातही तोच. आणि त्याने नको म्हटलं होतं तरी सोबत पैसे पाठवतोय, दोन हजार आठशे.